आपण म्हणजे नक्की कोण

बाई, मी तुम्हाला पत्र लिहावे एवढा माझा अधिकार नाही हे मला ठाऊक आहे, आणि तरी लिहीत आहे, म्हणून आधी क्षमा मागते. तुम्ही हयात असताना मी तुमच्यासमोर सलग तीन वाक्ये क्वचितच बोलले असेन. आता तुम्ही ऐकणार नाही, तेव्हा पाने भरून बोलायला बसले आहे; याला धीटपणा म्हणावे की माझा तोच जुना भित्रेपणा, हे मला ठरवता येत नाही. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. शाळेत शिकवलेल्या पत्रलेखनाप्रमाणे तुमच्यासारख्या वडीलधाऱ्या व्यक्तीला ‘आपण’ म्हणावे लागते. या पत्रात मी तसे करणार नाही, ‘तुम्ही’ म्हणेन. त्यात उद्धटपणा नाही. तो शब्दच सध्या मला वापरता येईनासा झाला आहे, आणि हे पत्र त्या शब्दाविषयीच आहे.

आज रविवार. पर्वतीच्या पायथ्याशी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या सभागृहात मी बसले आहे. वर्ग संपला, मुली गेल्या, सतरंज्या गुंडाळून झाल्या. हा वर्ग तुमचाच, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही. परंतु क्रमाने लिहिल्याशिवाय मला विचार करता येत नाही, ही माझी खोड तुम्ही जाणता. पिंपरीकडच्या ज्या कारखान्यात तुम्ही ड्राफ्ट्समन होता, तिथले ड्रॉइंग बोर्ड काढून संगणक बसवले, तेव्हा तुम्ही स्वेच्छानिवृत्ती घेतलीत आणि महापालिकेच्या मराठी शाळांत शिकणाऱ्या मुलींना रविवारी गणित, विज्ञान आणि यंत्रांचे आराखडे शिकवू लागलात. ‘ड्राफ्ट्समन’ हा शब्द तुमच्या ओळखपत्रावरचा. तुम्ही म्हणायच्या, “कंपनीनं मला कागदोपत्री पुरुष करून टाकलं, बाथरूम मात्र शेवटपर्यंत बांधलं नाही.” विहाराच्या समितीतल्या एका आजोबांनी तुम्हाला विचारले होते, “पोरी इंजिनिअर होऊन करतील काय, बाई?” तुम्ही म्हणालात, “मुलगे होऊन करतात तेच. चहा पितील आणि अधूनमधून काम करतील.” मी तेव्हा आठवीत होते आणि दाराशी, चपलांच्या बाजूला बसले होते. आता मी हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि रविवारी तुमच्या जागी उभी राहते. उभी राहते एवढेच म्हणते. जागा भरली असे म्हणत नाही.

तुम्ही मला पहिल्यांदा बोललात तो दिवस कुलपाचा. तुम्ही आम्हाला एक कुलूप दाखवलेत आणि त्याचे असे वर्णन लिहून आणायला सांगितलेत, की ते कधी न पाहिलेल्या माणसालाही त्याचा आराखडा काढता यावा. माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. घरी पुस्तकांचे जास्तीचे छापील फर्मे यायचे. मध्येच सुरू होणारे आणि मध्येच तुटणारे ते कागद वाचत मी वाढले, आणि भाषा ही एकच गोष्ट मला येते अशी माझी समजूत होती. कुलपावर मी दोन पाने लिहिली. बंद दाराचे मौन, किल्लीची प्रतीक्षा, असे पुष्कळ होते त्यात. तुम्ही उभ्या उभ्या वाचलेत, चष्मा कपाळावर चढवलात आणि म्हणालात, “वा. आपण हे दिवाळी अंकाला पाठवावं. फक्त एक सांगा, यात कुलूप कुठाय?” वर्ग हसला. मीसुद्धा हसले, कारण रडण्याचा निर्णय घ्यायला वेळ मिळाला नाही. एरवी तुम्ही सगळ्यांना अगं-तूगं करायच्या. परंतु एखादीला फटकारायचे असले, की तुमच्या तोंडी एकदम आदर यायचा. उशिरा येणारीला, “आलात का आपण? उपकार झाले. चहा ठेवू?” गृहपाठ विसरणारीला, “आपली प्रकृती बरी आहे ना?” तुमच्या ‘आपण’ची आम्हाला छडीपेक्षा जास्त धास्ती वाटायची.

पण तोच शब्द फळ्यापाशी वेगळा व्हायचा. “चला, आता आपण मध्यरेषा काढू,” असे तुम्ही म्हणालात की त्यात तुम्ही असायच्या, आम्ही असायचो, दाराशी बसलेली मीही असायची. आणि एकदा माझी आई, मी खरेच वर्गाला जाते की अन्य कुठे, हे पाहायला पोळ्या लाटायचे काम संपवून थेट विहारात आली होती, हाताला पीठ तसेच. तुम्ही खडू ठेवलात आणि तिला म्हणालात, “आपण उभ्या का? बसा ना.” आईने मागे वळून पाहिले. घरी जाताना ती म्हणाली, “मला ‘आपण’ म्हणाल्या गं. मला वाटलं माझ्यामागं कुणी मोठं माणूस आलंय.” कित्येक दिवस ती हे शेजारणींना सांगत होती. असे तुमचे तीन ‘आपण’ होते, बाई, आणि कोणता कधी आला हे कळायला आम्ही तुमच्या चेहऱ्याकडे पाहायचो. आवाजावरून काहीच कळत नसे. तुमचा आवाज तिन्ही वेळा सारखाच कोरडा.

तुमचे स्वयंपाकघर मला अजून मोजमापांसह आठवते. घरात सपाट जागा एकच, ओट्याचा कडप्पा; त्यामुळे दहावीच्या वर्षी शनिवारी संध्याकाळी आम्हा दोघी-तिघींना तुम्ही तिथेच बोलवायच्या. आधी ओटा ओल्या फडक्याने पुसायचा, मग कोरड्याने, मग त्यावर कागद. मंडईतून तुम्ही मुद्दाम वेड्यावाकड्या ढोबळी मिरच्या आणायच्या. भाजीवाली म्हणे, “बाई, चांगल्या घ्या की, या कशाला?” त्यावर तुमचे उत्तर ठरलेले, “सरळ वस्तू कुणीही काढतं.” मिरची उभी कापायची, आतले कप्पे, बिया, पोकळी, सगळे कागदावर उतरवायचे. दुसरी मिरची न कापता काढायची, आणि आतले जे असणार ते तुटक रेषेने दाखवायचे. “जे आहे पण दिसत नाही, ते सोडून द्यायचं नसतं. तुटक रेषा मारायची. मारली नाही तर तिकडे कारखान्यात माणूस भलतीकडे भोक पाडतो.” मग त्याच मिरच्यांची पीठ पेरून भाजी व्हायची आणि आम्ही ती खाऊन घरी जायचो. एकदा माझी मैत्रीण जेवताना म्हणाली, “बाई, मला खरं गाणं आवडतं.” तुम्ही तिला आणखी भाजी वाढलीत. “आवडू दे की. आवडीला दार लागत नाही, ती खिडकीतूनही येते. पोटापाण्याला दार लागतं. ते आधी उघडायचं, मग आत बसून गा.” ती मैत्रीण खळखळून हसली. मी हसले नाही. माझ्याही मनात एक आवड होती, आणि ती खिडकीतून यायला तयार आहे का, हे मला माहीत नव्हते.

आता तो दिवस. दहावीचा निकाल लागला आहे, शाळेत मी पहिली आले आहे. मराठीच्या शिक्षिकेने मला बाजूला घेऊन सांगितले आहे, “तू भाषा सोडू नकोस हं.” तुमच्या घरी चालत येताना मी एक वाक्य तयार केले आहे: बाई, मला मराठी घेऊन बी.ए. करायचे आहे. वाटेत ते इतक्या वेळा म्हटले आहे, की ‘करायचे’ म्हणावे की ‘करायचं’ याचाही निकाल लागला आहे. तुम्ही ओट्याशी, माझ्याकडे पाठ करून उभ्या आहात. तांदूळ धुता आहात, नळ चालू आहे. मी पाटावर बसते. तुम्ही मागे न वळता म्हणता, “मग? आपण काय ठरवलंय?”

बाई, या वाक्याचे व्याकरण तुम्ही कधी तपासले नसेल. मी तपासले आहे. ‘तू काय ठरवलंस’ यात शेवटी स येतो, ‘तुम्ही काय ठरवलंत’ यात त येतो, आणि कोणाला विचारले ते त्या एका अक्षरावरून कळते. ‘आपण’च्या मागे असे शेपूट नाही. आपण काय ठरवलंय: म्हणजे दोघींनी मिळून काय ठरवले आहे, किंवा, माझ्या आईला बसा म्हणालात त्या आदराने, तुम्ही स्वतः काय ठरवले आहे, किंवा, निकाल लागून इतके दिवस झाले तरी तोंड न दाखवणाऱ्या मुलीला मारलेला टोमणा. तिन्हींत अक्षर न् अक्षर तेच. चेहरा पाहिला असता तर कळले असते, पण चेहरा भिंतीकडे होता. मी पहिला अर्थ घेतला. आपण म्हणजे तुम्ही आणि मी. दोघींनी ठरवलेले मी एकटी कशी मोडणार? आणि तुम्ही त्या वयात मराठी घेऊन बी.ए. करायला निघाल्या नव्हतात, हे तर उघडच होते. मी म्हणाले, “इंजिनिअरिंग.” तुम्ही नळ बंद केलात. “बरं,” म्हणालात. बस्स, एवढेच. मग हात पुसून आतल्या खोलीत गेलात आणि ड्रॉइंग ऑफिसातली टी-पट्टी आणून माझ्या हातात दिलीत. तिच्या कडेला शाईचे जुने डाग होते. मी उठून उभी राहिले, पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत. काहीतरी बोलायचे राहिले आहे असे मला वाटत होते. तुम्हालाही वाटत होते का, हे मला आजतागायत कळलेले नाही.

अभियांत्रिकी पदविकेच्या पहिल्या वर्षी ती पट्टी घेऊन मी तंत्रनिकेतनात गेले, तेव्हा बाकीच्यांकडे बोर्डाला अडकवायचे नवे ड्राफ्टर होते. एक मुलगा म्हणाला, “ही कुठल्या म्युझियममधून आणलीस?” ते मला लागले नाही. लागले ते दुसरेच. प्राध्यापक तासभर ‘मोमेंटम’ म्हणत होते आणि मी तासभर घाबरून बसले होते, की हे काहीतरी नवीन आहे. वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलीचे पुस्तक उघडून सूत्र पाहिले तेव्हा समजले, की तो संवेग होता. मला येणारा, माझा जुना, ओळखीचा संवेग. पुढची दोन वर्षे हेच चालले होते. जे मला येत होते, ते मला येते हे मला कळत नव्हते. दुसऱ्या वर्षी तुम्ही आजारी पडलात. रुग्णालयात मी आले, तेव्हा तुमचा आवाज खाली गेला होता, पण कोरडेपणा शाबूत होता. तुम्ही विचारलेत, “सबमिशन झालं का?” मी म्हणाले, “झालं.” तुम्ही म्हणालात, “मग इथे काय करतेस? जा, पुढचं सुरू कर.” त्या वेळी ‘करतेस’ होते, स्पष्ट, स लावलेले. तेव्हा विचारायला हवे होते, की त्या दिवशी नळापाशी कोणता ‘आपण’ होता. परंतु आजारी माणसाला व्याकरण कसे विचारावे?

गाणे आवडणारी ती मैत्रीण आता परिचारिका आहे. रात्रपाळीला वॉर्डात गुणगुणते म्हणे. मी तिला मागच्या महिन्यात विचारले, की निकालानंतर बाई तुला काय म्हणाल्या होत्या. ती म्हणाली, “मला? ‘काय गं, तू काय ठरवलंस?’ मी म्हटलं, बाई, आधी झोपायचंय. तर म्हणाल्या, झोप, पण उठल्यावर नर्सिंगचा फॉर्म आण.” मी म्हटले, “‘तू’ म्हणाल्या? नक्की?” “मग काय ‘आपण’ म्हणणार आहेत मला? मी काय बोर्डात आले होते?” मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, “तुला ‘आपण’ म्हणाल्या का? मग तू लाडकी. नाहीतर टोमणा. तू तोंडच दाखवलं नव्हतंस ना आठवडाभर?” म्हणजे पुन्हा तिथेच. आईला विचारले, तर ती पोळी उलटत म्हणाली, “बाईमाणूस असं विचारतं, तेव्हा ते जेवलीस का असंच विचारत असतं. तू नको एवढं डोकं लावू.”

मी दुःखी आहे असे तुम्ही समजू नका. तसे असते तर हे पत्र सोपे झाले असते. कामातले काही भाग मला मनापासून आवडतात. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये जिथे चूक लपली आहे ती जागा मला लवकर सापडते; फर्मे वाचण्याची सवय तिथे कामी येते असे मला वाटते. आई जिने उतरताना ओळखीच्या कुणालाही थांबवून सांगते, “पोरगी कम्प्युटरात आहे.” एवढेच की सध्या अमेरिकेतली कामे आटली आहेत आणि मला काम नसलेल्यांच्या यादीत बसवले आहे. त्याला कंपनीत ‘बेंचवर असणे’ म्हणतात. शाळेत पहिल्या बाकावर बसायला मी धडपडायची, आता कंपनीने आपणहून बाक दिला आहे. (पाहा, शब्द आलाच शेवटी. खोडत नाही.) शेजारची मुलगी म्हणते, “अगं एन्जॉय कर ना, फुकटचा पगार आहे.” मी बसून कोश वाचते, शब्दांच्या व्युत्पत्ती पाहते, आणि मग मला कळत नाही की मी कामाच्या जागी बसून चोरून आवड पुरवते आहे, की आवडीच्या जागी बसून चोरून नोकरी करते आहे.

या सगळ्याला आज कारण घडले ते सांगते. वर्गात एक मुलगी आहे, मांजरी गावाहून बसने येते. तिची आत्या या वस्तीत राहते, म्हणून शनिवारी मुक्कामाला येते आणि रविवारी वर्ग करून जाते. वडील मांजरीला उसाच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर आहेत. मुलगी माझ्यासारखीच, विचारल्याशिवाय न बोलणारी. मिरचीचा आडवा छेद तिच्याइतका नेमका मी कोणाचा पाहिला नाही, माझा स्वतःचासुद्धा नाही. यंदा ती दहावीला तिच्या शाळेत पहिली आली. तंत्रनिकेतनाच्या पदविकेला तिला सहज प्रवेश मिळेल. तिथून पुढे पदवीला जाता येते. त्या अर्जाची उद्या शेवटची तारीख आहे. मागच्या रविवारी तिची आई आत्याला घेऊन आली होती. मी विचारले, की मुलीच्या मनात काय आहे. ती म्हणाली, “तिला काय इचारताय, ताई? ती काय सांगनार. तुमी म्हणाल तसं. ती हुशार हाय, तुमच्यासारकी झाली म्हंजी झालं.” पण जाता जाता आत्या हसत बोलून गेली, “हिला म्हणे शेतीचं शिकायचंय. रोपांजवळ बसून राहती तासन् तास, उसाच्या कांडीवरचा कोणता डोळा फुटंल आन् कोणता कुजंल ते सांगती. बापानं मातीतून भायेर काढायला जिवाचं रान केलं, आन् ही म्हनती माती.” आई म्हणाली, “गप ओ वन्सं.” मुलगी जमिनीकडे पाहत होती.

मी आठवडाभर ठरवत होते, की तिच्याशी नीट, समोर बसून बोलायचे. आज वर्ग संपल्यावर ती थांबली. मी फळा पुसत होते. माझी तिच्याकडे पाठ होती. आणि बाई, माझ्या तोंडून वाक्य निघाले, “मग? आपण काय ठरवलंय?”

मी ते ठरवून म्हटले नाही. निघाले, आणि निघाल्यावर ऐकू आले. आवाजही माझा वाटला नाही. इतका कोरडा मी कधी बोलत नाही. मागून ती म्हणाली, “इंजिनिअरिंग, ताई.” मी म्हणाले, “बरं.” वळले तेव्हा ती पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत उभी होती. मग म्हणाली, “येते,” आणि बस गाठायला गेली. तिच्या मागे दार उघडेच राहिले.

तेव्हापासून मी इथे बसून स्वतःला विचारते आहे, की मी कोणता ‘आपण’ म्हणाले. इतकी वर्षे मी समजत होते, की तुम्हाला तरी ते ठाऊक असणार. उत्तर कुठेतरी होते, फक्त माझ्यापर्यंत पोहोचले नाही. आता बोलणारी मीच आहे, आणि मला ठाऊक नाही. टोमणा नव्हता, एवढे सांगता येईल. तिला मी आदराने विचारत होते का? की तिच्यात स्वतःला धरून, दोघींचा निर्णय तिच्या तोंडून वदवून घेत होते? खरे सांगायचे तर दोन्ही होते, किंवा दोन्ही नव्हते, नुसती सवय होती. मग तुमचेही तसेच असेल का? तुम्हालाही नळापाशी माहीत नसेल का, की तुम्ही विचारता आहात की सांगता आहात? हा विचार मला पूर्वी कधी शिवला नव्हता, आणि त्याने मला हलके वाटावे की पोरके, हेही समजत नाही.

एक बाजू अशी, की ‘तुला काय हवे’ हा प्रश्न ज्या घरात निवडायला दोन गोष्टी असतात तिथे शोभतो. मांजरीच्या त्या मुलीने आयुष्यात पाहिलेले काय, तर उसाची रोपे. तिची ती आवड आहे, की तिच्या नजरेची फक्त हद्द आहे? माझी बी.ए. मराठी तरी काय होती? वडिलांनी छापखान्यातून लोखंडाचे तुकडे आणले असते, तर कदाचित मी लोखंडावर निबंध लिहिले असते. तुमचे दाराचे म्हणणे मला आज पूर्वीपेक्षा अधिक पटते. बेंचवर बसूनही पटते. आणि दुसरी बाजू अशी, की दार उघडून देणाऱ्याने एकदा तरी स लावून विचारले पाहिजे. नाहीतर आत गेलेली मुलगी पुढे जन्मभर उंबऱ्यावर उभी राहून व्याकरण तपासत बसते. या दोन बाजू मी समोरासमोर मांडून पाहिल्या. त्या जुळत नाहीत. तुम्ही असतात, तर म्हणाल्या असतात, “कागद फिरवून बघ.” फिरवूनही पाहिला.

म्हणून मी आत्ता एक गोष्ट केली. त्या मुलीकडे फोन नाही, तिच्या वडिलांकडे आहे. माझ्या फोनवर देवनागरी उमटत नाही, त्यामुळे मराठी वाक्य रोमन अक्षरांत लिहिले, ते तुम्हाला मुळीच आवडले नसते. लिहिले ते असे: “हा निरोप मुलीला द्यावा. मी मघाशी आपण म्हणाले ते पुसून टाक. तू काय ठरवलंस? उद्या सकाळी मी मांजरीला येते. तू सांगशील तो अर्ज आणू, तू सांगशील तिथे भरू.” कोश वाचणाऱ्या मुलीने एवढ्या चार ओळींसाठी किती वेळ घेतला, ते सांगत नाही. पाठवण्यापूर्वी ‘ठरवलंस’मधला स पुन्हा एकदा पाहिला. होता.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवायचे कुठे, हा प्रश्न आहेच, पण पत्ता असता तरी पाठवले नसते. कारण मग उत्तराची वाट पाहावी लागली असती, आणि तुमचे उत्तर ‘बरं’ एवढेच आले असते. फक्त एक कबूल करून थांबते. ‘तू सांगशील तो’ असे मी लिहिले खरे, आणि मला तसेच म्हणायचे होते. पण निरोप गेल्याची खूण उमटली त्या क्षणी मी मनात म्हणाले, की तिने इंजिनिअरिंगच म्हणावे. फोन पालथा घालून ठेवला आहे. तुम्ही तेव्हा मागे का वळल्या नाहीत, ते मला आत्ता कदाचित कळते आहे. निरोप गेला तो दिवस रविवार, २८ जून, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे.